बारा डिग्री

मिस्किटा टीचरची झेन, बाटलीच्या हिरव्या रंगाची.
गार असताना एका चावीत उठते,
तापल्यावर बंद केली की पुन्हा हलत नाही.
मागच्या रविवारी चर्चच्या दारातून
वऱ्हाडाने ढकलली.
लिटरला आठ. सायलेन्सरचं तोंड काळं.
आधीच्या गॅरेजांनी प्लग बदलले, पंप बदलला, थर्मोस्टॅट बदलला.
बिलं त्यांनी टाचून आणली होती
उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यासारखी,
बेरजेखाली लाल रेघ मारून.

"पण काटा तर मधोमध असतो हो."
काट्याचा सेन्सर वेगळा, टीचर.
काटा तुमच्यासाठी.
अजून एक आहे, करंगळीएवढा, पितळेचा,
तो कॉम्प्युटरच्या कानाशी लागतो.
काय सांगतो, ते तुम्हाला दिसत नाही.

शलाकाने स्कॅनर जोडला.
माझी भाची. आयटीआयचं शेवटचं वर्ष,
नखांत ग्रीस, कानात चांदीची बुगडी.
आकडा आला: बारा.

कलिना. मे महिना. दुपारचे दोन.
इंजिन कुर्ल्यापासून ट्रॅफिकमध्ये शिजत आलेलं
आणि त्याच्या मेंदूला वाटतंय
महाबळेश्वर, पहाट, जानेवारी.
म्हणून ओततोय पेट्रोल,
पाहुण्याला थंडी वाजत असेल म्हणून
गोधडीवर गोधडी घालावी तसा.

मी म्हटलं, बदलून टाक.
ती म्हणाली, थांबा मामा, आधी वायर.
कनेक्टर काढला. पिनांवर हिरवट बुरशी.
घासली. तरी बारा.
दोन पिना तारेने जोडल्या,
आकडा टणकन वर, एकशे तीसच्या पार.
"वायर खरं बोलते," ती म्हणाली.

तासभर गाडी निवू दिली.
रेडिएटरचं झाकण तिने फडक्याने, दमादमाने उघडलं.
एकोणीसचा पाना. अर्धा आटा, एक आटा,
सेन्सर निघाला तसा मी भोकावर अंगठा दाबला,
चाळीस वर्षं दाबत आलोय.
"मामा, भाजेल!"
कुठे? कोमट आहे.

लोटनच्या टपरीवर चहाचं आधण उकळत होतं.
साखर टाकायच्या आत तिने त्यात जुना सेन्सर सोडला,
तारेला बांधून, गळ टाकल्यासारखा.
लोटन शिव्या देत राहिला.
मीटरवर साडेतीन हजार ओहम.
वाफ तिच्या चष्म्यावर चढली,
साडेतीन हजार.
पाणी खदखदतंय, हा ढिम्म.
मग सीएसटी रोडवरून आणलेला नवा, तीनशे ऐंशीचा.
दोन हजार. बाराशे. सहाशे. तीनशे.
एकशे नव्वद.
चढत्या तापाला उतरता आकडा.
टीचर वाकून बघत होत्या,
वर्गातलं मागच्या बाकावरचं पोर
अचानक बरोबर उत्तर देतंय तसं.
लोटनला नव्या आधणाचे पैसेही त्यांनीच दिले.

संध्याकाळी झेन गरमागरम बंद केली, गरमागरम सुरू केली.
पाच वेळा. पाचही वेळा उठली.
स्कॅनरवर अठ्ठ्याऐंशी.
लिटरला किती ते टीचर पुढच्या रविवारी सांगतील.

रात्री शटर ओढताना
शलाकाने माझा अंगठा धरला. दिव्याखाली नेला.
फोड आला होता,
आठ आण्याच्या नाण्याएवढा, पाण्याने टरारलेला.
मला माहीतच नव्हतं.
"साखर शेवटची कधी तपासली?"
मागच्या गणपतीत, मी म्हणालो.
कुठल्या मागच्या ते तिने विचारलं नाही.

डोळे मिटायला लावले.
एका हातात लोटनचा चहा, एका हातात फ्रिजचं पाणी.
माझ्या बोटांना आळीपाळीने ग्लास लावून म्हणाली,
"गरम कुठला?"
मी बरोबर सांगितलं.
पापणीच्या फटीतून दिसलं होतं मला,
एक ग्लास तिने काठाला धरलाय, चिमटीत.

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.
मग बाकावरचं फडकं उचललं,
फाडून दोन केलं,
आणि दोन्ही ग्लास गुंडाळले.