चार सदरे

ईरी शहरात सरोवरावरून वारा सुटला की
छापखान्याच्या खिडक्या कण्हतात.
आत मी एकाच उमेदवाराला
सकाळपासून चार सदरे चढवतोय.

शिकाऱ्यांच्या यादीला चौकड्यांचा, खांद्यावर बंदूक.
नर्सेसना बाह्या दुमडलेला.
कारखाना बंद पडलेल्यांसाठी मळका, वर हेल्मेट
(ते फोटोवाल्याच्या मेहुण्याचं, जरा सैलच होतं).
सत्तरीपुढच्या एकट्या बायकांना
निळा, लोकरीचा; हातात औषधाची बाटली.
त्या रकान्यापुढे कुणीतरी लिहिलंय:
भीती चालते. आकडे कमी, अक्षर मोठं.

शेवटच्या शनिवारी माणसं कमी पडली,
म्हणून दारं ठोठावायला मलाच धाडलं.
पूर्वेकडच्या बाराव्या रस्त्यावर बर्नडीन वोझ्नियाक.
तिच्या फ्रीजवर दोन कार्डं, शेजारी शेजारी:
निळा सदरा तिच्या नावाने,
बंदूकवाला कॅझिमिरच्या.
कॅझिमिरला जाऊन तीन वर्षं झाली;
आमच्या यादीत तो अजून हरणं मारतो.

"हे भाऊ भाऊ का?" तिने विचारलं.
खरंच विचारलं, टोमणा नव्हता.
मी म्हणालो, नाही, एकच.
चष्मा पुसून ती पुन्हा जवळ गेली.
"मग माझ्याशी बोलताना
बंदूक कुठे ठेवतो?"

याचं उत्तर
मी कुठल्याच गटासाठी लिहिलं नव्हतं.
माझे बूट ओले होते. तिने पायपुसणं सरकवलं,
आणि कॅझिमिरचं कार्ड तेवढं
चुंबक काढून
सरळ करून लावलं.