टाळूवरचा क्रूस

श्कोडरला तेव्हा चर्चमध्ये व्हॉलीबॉल खेळत.
वेदीच्या जागी गुणफलक,
आणि घंटेचं काय झालं हे कोणी विचारत नसे.

द्राने काकू क्रूसाची खूण जिभेने करायची,
मिटल्या तोंडात, टाळूवर.
वरून खाली, मग आडवी.
बघणाऱ्याला वाटावं,
दातात अडकलेलं काही काढतेय.

त्या ईस्टरला तिने कांद्याच्या सालींत
चार अंडी उकळली. लाल झाली.
खिडक्या लावून खाल्ली आम्ही.
टरफलं पाश्क काकांनी अंजिराखाली पुरली.
माझी बोटं काकूने लिंबाने घासली,
मग राखेने, मग पुन्हा लिंबाने.

सोमवारी बाईंनी नखं तपासली.
मला सातवं वर्ष. करंगळीच्या नखात
केसाएवढी तांबूस रेघ.
"काल काय खाल्लंस रे?" आवाज गोड होता.
मी सांगितलं.
किती अंडी, तेही सांगितलं.

काकांना तांब्याच्या खाणीवर नेलं.
ईस्टरला जन्मलेल्याचं नाव आमच्यात पाश्क ठेवतात.
ते नाव टाका, म्हणे तिथल्या साहेबाने सांगितलं,
सही करा, घरी जा.
चौथ्या हिवाळ्यात त्यांचा कोट आला,
एक बाही नसलेला.
माणूस नाही. कबर कुठे, तेही नाही.

काकू मला एका शब्दाने बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.
कोट उसवून तिने मला बंडी शिवली.
दोन हिवाळे घातली मी ती.
ऊबदार होती, हे सांगताना
अजून जीभ जड होते.

देवाशी मात्र तिने अबोला धरला.
जेवताना, दिवा मालवताना मी बघायचो,
जबडा हलायचा नाही.
एकदा धीर करून विचारलं,
"सोडलंस त्याला?"
ती पीठ मळत होती.
"अबोला आपल्या माणसाशी धरतात, पोरा.
परक्यावर कोण रुसतं?
घर सोडलंय का मी?"
आणि पावाच्या गोळ्यावर सुरीने
उभी-आडवी चीर दिली.
पाव फुगायला चीर लागतेच,
त्यावर कोण तक्रार करणार.

मग पुष्कळ वर्षांनी, एका नोव्हेंबरात,
दफनभूमीत उघड्यावर मिस्सा झाला.
माणसं भिंतींवर चढलेली, रडत,
हाताने, सगळ्यांदेखत, क्रूस करत.
काकूचे हात खिशात.
मी तिच्या जबड्याकडे पाहत राहिलो.
बराच वेळ काही नाही.
मग गालाच्या आत काहीतरी हललं,
वरून खाली,
आणि थांबलं.

आडवी रेघ तिने लगेच ओढली नाही.
मी थांबलो.
त्यालाही थांबावं लागलं असेल.