राखाडी कार्ड

सुभाषनगरात आक्काताई व्हटकरांच्या माडीवर
भिंत गुलाबी आहे, ऑइलपेंटची.
खिडकीतून येणारी दुपार निळसर,
वर ट्यूब, हिरवट, डोळ्याला न कळेल अशी फडफडणारी,
कोपऱ्यात देवापुढचा पिवळा बल्ब.
एवढ्या सगळ्यांच्या मध्ये एक कापशी चप्पल.
कॅमेऱ्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं
आणि ऑटोमध्ये निकाल दिला: केशरी.

"ही माझी न्हाई,"
आक्काताई म्हणाल्या, स्क्रीनला बोटही न लावता.

मागच्या महिन्यात अकरा जोड परत आले.
खोक्याखोक्यात तीच तक्रार:
फोटोत रंग वेगळा होता.
बाभळीची साल, हिरड्याचं पाणी,
किती दिवस मुरलेलं ते कातडं,
वर आक्काताईंच्या बोटांची वेणी,
आणि चूक कुणाची, तर
माझ्या सेकंदाच्या साठाव्या भागाची.

मी ट्यूब मालवली.
देवाचा बल्ब मालवताना जरा थांबलो;
त्यांनीच उठून बटण दाबलं. "दिसतंय त्याला अंधारातबी."
गुलाबी भिंतीवर घोंगडं टाकलं, काळं.
स्टँड रोवला, आयएसओ शंभरावर आणला,
म्हणजे सावलीत दाणे उठायला नकोत.
मग पिशवीतून काढलं राखाडी कार्ड.

"वहीचा कागद धरा की, पांढरा हाय,"
त्यांचा धाकटा, राजाराम, म्हणाला.
"वहीचा कागद पांढरा नसतो रे.
त्यात नीळ असते, धुतलेल्या धोतरासारखी.
दुधाचा पांढरा वेगळा, चुन्याचा वेगळा.
पांढऱ्याच्या किती जाती असतात..."
बोलून गेलो, आणि जीभ चावली.
आक्काताई आरीचं टोक पुसत हसल्या:
"म्हंजे त्यांच्यातबी हायच का!"

राखाडी कार्ड कुणाच्याच बाजूचं नसतं.
ते चपलेशेजारी ठेवायचं, त्याच उजेडात, त्याच कलाने,
आणि कॅमेऱ्याला सांगायचं: हे बिनरंगाचं आहे,
बाकीचं आता यावरून ठरव.
आकडा आला पाच हजार सातशे केल्व्हिन.
मी टिपलं.
त्यांनी चप्पल उचलली, स्क्रीनजवळ नेली,
मग दोन्ही घेऊन खिडकीत गेल्या,
बराच वेळ तिकडेच उभ्या.
"हां. आता घरला आली."

चहा पिऊन निघालो. दसरा चौकात सिग्नल लाल होता,
आणि कारण नसताना ती आठवली,
मार्गशीर्षात स्टुडिओत आलेली, नेसरीकडची,
स्थळांना पाठवायचा फोटो काढायला.
आई म्हणाली होती, "जरा उजळ येऊ दे."
लक्ष्मीपुरीतल्या याच खोलीत माझे वडील
निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायचे, टोक जिभेवर ओलं करून.
मला पेन्सिल लागली नाही.
पाऊण स्टॉप वर. पिवळा थोडा कमी.
तिने स्क्रीनकडे पाहिलं,
आक्काताईंनी पाहिलं तसंच, अगदी तसंच.
पण ती काही म्हणाली नाही.
आठ प्रती दिल्या, पाकिटात घालून.

रात्री शटर अर्धं ओढून जुनी डिस्क लावली.
रॉ फाइल काही विसरत नाही;
आपण वर जे जे केलेलं असतं
ते फक्त वर असतं.
राखाडी कार्ड त्या दिवशी धरलं नव्हतं,
म्हणून पाठीमागच्या भिंतीवरून अंदाज घेतला,
आकडा हलवला, पाऊण स्टॉप खाली आणला.
भिंत हळूहळू भिंतीसारखी झाली,
कपाळ कपाळासारखं.

आणि तिच्या खांद्यावर पुढे घेतलेला गजरा,
जो माझ्या उजेडात
भिंतीत विरघळून गेला होता,
मला वाटलं होतं माळलाच नव्हता,
त्याची एकेक कळी परत आली.

फोन नंबर पावतीवर होता. लावला नाही.
कळ्या मोजल्या. सतरा.