सामाईक

महापे, चौथा मजला, रात्रीचे साडेनऊ.
एक ट्रान्झिस्टर मी उलटा केला,
आरशात धरावा तसा.
त्याचं ड्रेन शेजारच्याच्या ड्रेनला भिडलं,
मधली फट गेली,
दोन हिरव्या पट्ट्यांची एकच झाली,
कॉन्टॅक्टची एक रांग दोघांना पुरली.

बिवलकर सर मागे उभे.
"जागा वाचली. कपॅसिटन्सही उतरेल.
नेट एकच आहे ना, बघितलंस?"
बघितलं होतं.
वेगळ्या नेटचे दोन असे चिकटवले
की शॉर्ट.

घणसोली गावठाणात वाटणी झाली तेव्हा
बाबांनी एक भिंत बांधली,
हसुरामकाकांनी दुसरी, स्वतःच्या विटांची.
मध्ये वीतभर बोळ.
त्यात माझा सातवीतला चेंडू आहे.
इकडून हात पोचत नाही,
तिकडूनही नसावा.

मीटर तेवढं अजून एकच,
आजोबांच्या नावावर.
एका महिन्याला बिल आम्ही भरतो,
एका महिन्याला ते.
बोलणं नाही, पण तारीख चुकत नाही.

तपासणी लावली. चुका शून्य.
स्क्रीनवरची हिरवी पट्टी
जरा जास्तच वेळ बघत बसले,
मग आठवलं,
हा महिना आमचा.