पाण्यात पाहणं

मेन राज्यातल्या आमच्या गावात
मार्चमध्ये बर्फाचा चिखल होतो
आणि त्याच चिखलाचे बूट घालून
सगळं गाव शाळेच्या जिममध्ये सभेला जमतं.
यंदा प्रश्न एकच : गिरणीचा जुना बंधारा
पाडायचा की ठेवायचा.

मी पाडायच्या बाजूची,
एल्वुड थिबोडो ठेवायच्या.
वर्षभर आम्ही एकमेकांना पाण्यात पाहत होतो.
हा वाक्प्रचार त्याला समजावता आला असता
तर तोही हसला असता,
कारण भांडण पाण्याचंच होतं.

सभेच्या आधीच्या शनिवारी
कचरा डेपोवर गाठ पडली. माझ्या हातात रिकाम्या बाटल्या,
त्याच्या हातात मोडकी खुर्ची.
‘तीन मिनिटांत काय बोलणारेस?’ त्याने विचारलं.
मी म्हणून दाखवलं, पाढे म्हणावेत तसं :
मासे, गाळ, पाण्यातला प्राणवायू, अहवालाचं पान बावीस.
त्याने शेवटपर्यंत ऐकलं.
(मी त्याचं कधी ऐकलं होतं? आठवेना.)
‘माशांचं खरं आहे,’ तो म्हणाला,
‘ऑगस्टात तळ्याला वास मारतो, तेही खरं.
पण कोठार पेटलं, तर आमच्या बंबाने
सोंड कुठे बुडवायची?’

माझ्याकडे उत्तर तयार होतं,
पण दुसऱ्याच प्रश्नाचं.

मग तो मला तळ्यावर घेऊन गेला.
काठाशी बर्फ पापडासारखा उचलला होता.
इथे मी स्केटिंग शिकलो, म्हणाला,
बापाने हात धरून शिकवलं.
दोन बोटं गिरणीत गेली होती त्याची.
तिघांनी धरायचा. पण घट्ट.

‘तुला धरणांचा एवढा राग का?’
‘राग नाही,’ मी म्हटलं, ‘आकडे आहेत.’
तो काहीच बोलला नाही.
समोरचा गप्प बसला की
आपलंच वाक्य आपल्याला ऐकू येतं, पोकळ भांड्यासारखं.

मग सांगितलं.
आईचं गाव धरणात गेलंय.
फार कोरड्या वर्षी, मे महिन्यात
गाळातून शाळेच्या चार पायऱ्या वर येतात.
आई एस.टी.ने जाते, त्या चढते
आणि शाळा नसलेल्या जागी
थोडा वेळ उभी राहते.
त्याच धरणाच्या विजेवर
मी रात्र रात्र अभ्यास केला.
हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं,
माझ्या बाजूचं नव्हतं ते.
सांगितलं.

एल्वुडने टोपी काढली, पुन्हा घातली.
‘तुझ्या आईचं गाव पाण्याखाली गेलं,’ म्हणाला,
‘माझं पाण्याबरोबर जाईल.’

मला वाटलं नाही की त्याचं बरोबर आहे.
अजूनही वाटत नाही.
पण त्या रात्री पान बावीस खोडलं
आणि जमिनीतल्या टाकीचा खर्च काढत बसले :
किती गॅलन, कोण खणणार, पैसे कुठून.
तीन मिनिटांतली दोन त्यातच गेली.

सोमवारी तो उठला आणि म्हणाला,
‘मी विरोधातच मत देणार.
पण टाकीचं ती म्हणतेय ते लिहून घ्या.
निकाल काहीही लागो, टाकी पाहिजे.’
मागच्या रांगेतून त्याचा सख्खा मेव्हणा
काहीतरी पुटपुटला. कौतुक नव्हतं.

गुलाबी कार्डं वर झाली. माझं वर, त्याचं मांडीवर.
मोजणारी बाई दोनदा चुकली, तिसऱ्यांदा सुरुवात केली.
तेवढ्यात त्याने थर्मासचं झाकण भरून
माझ्याकडे सरकवलं.
कॉफी पाणचट होती.
तसं तोंडावर सांगितलं.
तो म्हणाला, कॉफी अशीच असते.
मी म्हटलं, मुळीच नाही.
त्यावरून जी जुंपली आमची,
आकडा जाहीर झाला तो
दोघांनाही नीट ऐकू आला नाही.