बॉक्स नेल्यावर

लोबो केबलचा बिपिन आला आणि बॉक्स घेऊन गेला.
तीन महिन्यांचे थकले होते. मी भांडले नाही.
रिमोटही मागितला. दिला,
पण सेल काढून घेऊन.
सेल माझे होते.

भिंतीतून आलेली काळी तार तेवढी राहिली,
टोकाला तांब्याचा एक केस,
बोटाला टोचेल न टोचेल असा.
जाता जाता म्हणाला, मावशी, आता ह्याच्यात काही येत नाही.

येत नाही कसं?
एकतीस वर्षं एक्स्चेंजात काढली मी,
डोक्यावर हेडफोन, पुढ्यात दोऱ्यांचा गुंता.
कोल्हापूर मागणाऱ्याला कोल्हापूर दिलं, कारवार मागणाऱ्याला कारवार,
आणि तार मेलीय की नुसती रुसलीय
हे कानाला कळायचं, साहेबांना कळायच्या आधी.

सेल टीव्हीच्या जुन्या रिमोटात घातले.
तार सरळ टीव्हीच्या पाठीत,
बॉक्स यायच्या आधी ती जिथे असायची त्याच भोकात,
बुजत आलेल्या नाकात चमकी घालावी तशी,
चाचपडत, जराशी दुखवून.
मेनू. मग बारीक अक्षरं, चष्मा.
अँटेना की केबल?
केबल.

पट्टी सरकायला लागली.
शोध चालू आहे, थांबा, असं इंग्रजीत आलं.
मी लोकांना हेच सांगायचे,
पण आवाजात सांगायचे.

चार टक्के. सापडली शून्य.
अकरा टक्के. शून्य.
डाळ भिजत घातली.
सव्वीसला मेहरुन्निसा कोथिंबीर द्यायला आली,
दारातूनच म्हणाली, हे काय, गिरणी लावलीय का दळायला?
आणि एक सापडलं.
मग धडाधड.

शंभर टक्के. एकशे बारा!

त्यातली एकशे तीन काळी.
नाव दिसतं, दार नाही.
आत कुणीतरी दुधात विष कालवत असणार,
कुणी सहाव्यांदा लग्नाला उभी असणार,
सगळं कुलपाआड. असू दे. मला पाठ आहे.

नऊ उघडी.
एकावर कांद्याचा करपा समजावणारा माणूस, शर्ट इस्त्रीचा.
दोनांवर एकच कढई, एकाच बाईच्या हातात.
एकावर प्रवचन, गुजरातीत.
एक नुसताच आवाज, सारंगीचा, पडद्यावर कुणी नाही.
एकावर रंगांच्या उभ्या पट्ट्या, माझ्या लग्नातल्या सतरंजीसारख्या.
एक लोबोचं स्वतःचं: थकबाकीदारांनी नोंद घ्यावी.
घेतली.
एकावर बातम्या, एकावर बातम्यांआधीची जाहिरात, ती संपेना.

आणि सत्त्याण्णवला नावच नव्हतं.
राखाडी चित्र. फाटक. कुंडीतली वाळकी तुळस.
ही तर आमचीच, टिळकनगर, इमारत क्रमांक एक्क्याऐंशी.
सोसायटीने कॅमेरा केबलवर चढवला होता कधीतरी,
वर्गणीही दिली होती मी. विसरलेच.

वॉचमन ढोबळे खुर्चीत, पाय दुसऱ्या खुर्चीत.
शेजारी पायरीवर बिपिन,
मांडीवर सहा बॉक्स. माझा कुठला, ओळखू येईना.
वरून तो अगदीच पोरगा दिसत होता, टाळूवर भोवरा.
बॉक्स काखेत घेऊन उठला
आणि एक वायर लोंबत त्याच्या चपलेखाली गेली.

हात आपोआप इंटरकॉमकडे गेला.
ढोबळे, बिपिनला द्या.
कोण बोलतंय?
एक्स्चेंज, म्हणाले मी.
कितीतरी वर्षांनी.

मावशी? तुम्ही?
पायाखाली बघ. वायर आहे.
ओह हो. तुम्हाला कसं...

आवाज माझ्या कानात पोचला होता,
चित्र मात्र अजून मागेच होतं,
तिथे बिपिन नुकता रिसीव्हर घेत होता.
मी लाइन धरून ठेवली.
एक, दोन.
मग तो पडद्यावर खाली वाकला,
आणि वर, सगळ्या खिडक्यांवर,
मला शोधायला लागला.