तिप्पट पैसे

मोठ्या बोटीवर माणशी पाचशे,
नाच, डीजे, बटाटेवडा त्यातच.
आम्ही इनासची होडी घेतली:
सहाच माणसं, माणशी दीड हजार.
पणजीच्या धक्क्यापासून शालनचा हिशेब चालू.
कुंभारजुव्याच्या कालव्यात शिरलो तरी
तिला वरचे दोन हजार पचेनात.

मगर दिसली नाही.
दिसलं ते ओंडकं, असं इनासच म्हणाला.
खोटं बोलला असता तरी चाललं असतं.

कांदळाच्या फांद्या खांद्याला घासत होत्या.
पायरीवर एक बाई तिसऱ्या धूत बसलेली.
"कितले दिले?"
सांगितलं.
ती टोपलीसकट हलली हसताना:
"फेरीबोट फुकट आसा मरे!"

इनास उगाच दोर गुंडाळू लागला.

परतताना, मोठ्या बोटीचे दिवे
लांबून आदळायला लागले तेव्हा
शालन म्हणाली,
इतक्या जवळून कुणी वेड्यात काढतं,
म्हणजे महाग नाही पडलं.